ठाणे-नवी मुंबईत बाळ सांभाळायचं काम सुरू करताय? मग हे आधी वाचा

घोडबंदर रोड, हिरानंदानी इस्टेट, इकडे ऐरोली, सीवूड्स, खारघर, कुठल्याही टॉवरमध्ये जा, आई-बाबा दोघंही नोकरीला, आजी-आजोबा गावाला, आणि मॅडमची बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची, त्यातली थोडी डिलिव्हरीच्या आधीच गेलेली. म्हणजे बाळ पाच-सहा महिन्यांचं होतंय न होतंय तोच घरात बाई लागते. मी ठाण्यात हे काम करत आले आणि आता लोकमान्य नगर, कळवा, दिवा, घणसोली इकडच्या नवीन बायका कामाला लागायच्या आधी भेटायला येतात तेव्हा त्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. बाटल्या धुणं, डायपर बदलणं, झोपवणं हे हाताचं काम पंधरा दिवसात कोणालाही जमतं, ज्यांनी स्वतःची पोरं वाढवलीत त्यांना तर येतंच. पण दुसऱ्याचं बाळ सांभाळताना अजून एक काम असतं, ते म्हणजे सांगणं. आई दहा तास बाहेर असते, तिला बाळाचा दिवस तुमच्याच तोंडून कळणार. किती प्यायला, किती झोपला, कुठे पडला, शी पातळ झाली का, जसं झालं तसं सगळं. हे ज्या बाईला जमतं तिला लोक सोडत नाहीत, आणि जिनं एकदा लपवलं आणि ते नंतर कॅमेऱ्यात दिसलं, तिचं काम तर जातंच पण बाळाला वेळेवर डॉक्टर न मिळण्याची भीती असते ती वेगळीच.

कागदपत्रं आणि बाकी तयारी

आधार कार्ड, दोन फोटो, सध्याचा पत्ता, आधी काम केलेल्या एक-दोन घरांचे नंबर, एवढं तयार ठेवा. पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या हातात लेकरू देतायत, विचारणारच. सोसायटीच्या गेटवर ॲपमध्ये नाव टाकून फोटो काढतात, कोड देतात, तो कोड बहिणीला किंवा शेजारणीला वापरायला द्यायचा नाही. आधारची झेरॉक्सच द्यायची, ओरिजिनल कोणाकडे ठेवायचं नाही, ना काम लावून देणाऱ्या सेंटरवाल्यांकडे ना मॅडमकडे, आणि झेरॉक्सवर पेनानं आडवं लिहायचं 'फक्त पोलीस व्हेरिफिकेशनसाठी' आणि तारीख. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर कामाला लागायच्या आधी सरकारी नाहीतर महापालिकेच्या दवाखान्यात टीबीची तपासणी करून घ्या, ती फुकट होते.

ई-श्रम कार्ड काढलं नसेल तर काढून टाका, १६ ते ५९ वयाला मिळतं, नोंदणीला पैसे लागत नाहीत. आणि आपल्या राज्यात घरकाम करणाऱ्यांसाठी २००८ च्या कायद्यानं घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे, १८ ते ६० वयाच्या बाईला तिथे नोंदणी करता येते, त्याचीही चौकशी करा.

बोलणी करताना लाजायचं नाही

पहिल्या भेटीत नवीन बायका नुसतं हो हो करतात आणि मग महिन्याभरात सगळ्या घरातली भांडी त्यांच्याच गळ्यात पडतात. बाळाचं काम म्हणजे काय ते तिथेच बोलून घ्या. बाळाला भरवणं, अंघोळ, झोप, खेळवणं, फिरवणं, बाळाचे कपडे, बाळाच्या बाटल्या, बाळाचं जेवण करणं, बाळाची खोली आवरणं, एवढं बाळाचं काम. झाडूपोछा, सगळ्यांच्या पोळ्या हे वेगळं काम आहे, करणार असाल तर त्याचा पगार वेगळा बोला, आणि माझं मत विचाराल तर रांगतं बाळ घरात असताना गॅसपाशी उभं राहायचं काम घेऊच नका, एकाच वेळी दोन्हीकडे लक्ष राहत नाही.

मग वेळ. सकाळी किती वाजता यायचं आणि संध्याकाळी मॅडम ट्रॅफिकमध्ये अडकल्या तर किती वाजेपर्यंत थांबायचं, त्या जादा तासाचे काय. आठवड्याची सुट्टी कुठली. रविवारी काम असेल तर ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक असतो तेव्हा येणार कसं. खाडा झाला तर पैसे कापणार का, महिन्याला किती सुट्ट्या पगारी. कोकणातल्या असाल तर गणपतीला गावाला जाणारच, ते आत्ताच सांगा, ऑगस्टमध्ये सांगितलं की मॅडमची पंचाईत होते आणि चूक तुमची ठरते. दिवाळीला बोनस, पगाराची तारीख, रोख की खात्यावर (खात्यावरच घ्या, पुरावा राहतो), उचल मिळते का, दुपारचं जेवण तिथे की डबा. आणि हो, तुमच्या सुट्टीच्या दिवशी बदली म्हणून स्वतःच्या लहान मुलीला पाठवायचं नाही, १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणं कायद्यानं बंद आहे आणि ती स्वतःच अजून पोर आहे.

घरी आल्यावर त्याच दिवशी मॅडमना व्हॉट्सॲप करा, साध्या भाषेत, 'मॅडम, आज बोलणं झालं ते लिहिते. सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ७. काम फक्त बाळाचं. महिन्याला २ सुट्ट्या पगारी. ७ नंतर थांबले तर तासाचे पैसे वेगळे. पगार ५ तारखेच्या आत खात्यावर. बरोबर आहे ना?' त्यांनी हो म्हटलं की बास. लिहिता येत नसेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, तोही चालतो.

पहिला आठवडा

शक्यतो मॅडमची रजा संपायच्या आठवडाभर आधी कामाला लागा. पहिल्याच दिवशी बाळाला उचलून घ्यायची घाई करू नका, जवळ खाली बसा, खुळखुळा वाजवा, त्याला तुमच्याकडे बघू दे, वास ओळखीचा होऊ दे. सात-आठ महिन्यांच्या पुढची बाळं अनोळखी माणसाला बघून रडतातच, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

या आठवड्यात डोळे उघडे ठेवून आई कसं करते ते बघायचं. कुठल्या कुशीवर दूध घेतो, कुठलं गाणं म्हटलं की झोपतो, भूक लागल्यावर कसा रडतो आणि झोप आल्यावर कसा. तुमच्याकडे स्वतःची पद्धत असेल, चांगलीही असेल, तरी या घरात आईबाबांची पद्धत चालणार. कशाची ॲलर्जी आहे, डॉक्टर कोण, मागची लस कधी झाली हे विचारा. मॅडमकडून एक कागद लिहून घेऊन फ्रिजवर चिकटवा, त्यावर आईबाबांचे नंबर, खाली राहणाऱ्या कोणा एकाचा नंबर, बाळाच्या डॉक्टरांचा नंबर, जवळचं चोवीस तासांचं हॉस्पिटल, आणि या घराचा पूर्ण पत्ता. पत्ता पाठ करा, टॉवरचं नाव, विंग, मजला, फ्लॅट आणि अँब्युलन्स कुठल्या गेटनं आत येते ते. घाबरलेल्या माणसाला रोज येत असलेल्या बिल्डिंगचं नावसुद्धा आठवत नाही.

आल्या आल्या आणि मग दिवसभर

बाहेरचे कपडे बदला, ट्रेननं आलात, रिक्षानं आलात, घाम असतो. साबणानं कोपरापर्यंत हात धुवा. नखं कापलेली, काचेच्या बांगड्या आणि खड्यांची अंगठी काढून ठेवलेली, मंगळसूत्र लांब असेल तर आत, साडीला किंवा ओढणीला सेफ्टीपिन असेल तर ती बाळाच्या तोंडाजवळ येणार नाही अशी. अत्तर, सेंट नको. तुम्हाला सर्दी-ताप असेल तर न सांगता येऊ नका, सकाळी लवकर फोन करून सांगा म्हणजे त्यांना सोय करता येते.

दूध. आईनं काढून ठेवलेलं दूध असेल तर डबीवर तारीख-वेळ असते, जुनं आधी वापरायचं. बाहेर ते जास्तीत जास्त चार तास आणि तेही थंड खोलीत, आपल्याकडच्या उकाड्यात बाहेर ठेवूच नका, फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. गरम करायला भांड्यात कोमट पाणी घेऊन त्यात बाटली ठेवायची, मायक्रोवेव्ह नाही, त्यात दूध कुठे गरम कुठे गार राहतं आणि बाळाचं तोंड भाजतं. बाळानं तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांच्या आत, नाहीतर फेकायचं, जीव हळहळला तरी फेकायचं. पावडरचं दूध असेल तर डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी आणि तेवढेच सपाट चमचे, पुरवायला म्हणून पातळ करायचं नाही आणि पोट भरावं म्हणून घट्टही नाही. बनवल्यावर दोन तासांच्या आत आणि बाळानं प्यायला सुरुवात केली की तासाभरात संपवायचं, उरलं की फेकायचं. बाटल्या बुडतील एवढ्या पाण्यात निदान १० मिनिटं उकळायच्या. पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर.

सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू होतं, आणि नेमकी त्याच वेळी आई ऑफिसला गेलेली असते, म्हणून बाळाला जेवायला शिकवायचं मोठं काम तुमच्याच हातून होतं. इथे आपल्याकडच्या जुन्या सवयी आड येतात. वरणाच्या वरचं पाणी नाही द्यायचं, त्यानं पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही, वरण-भात एकत्र घोटून चमच्यावरनं ओघळणार नाही इतकं दाट द्यायचं. मुगाची मऊ खिचडी, नाचणीचं सत्व, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, गाजर, एका वेळी एकच नवीन पदार्थ आणि दोन-तीन दिवस थांबून पुढचा, म्हणजे पुरळ उठलं किंवा पोट बिघडलं तर कशानं ते कळतं. एक वर्षाच्या आत मध बिलकुल नाही, चाटवायला म्हणूनसुद्धा नाही, त्यातनं लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. वर्षाच्या आत मीठ-साखर नाही, गाईचं-म्हशीचं दूध प्यायला नाही. गुटी, ग्राइप वॉटर, जायफळ, कोणीही सांगितलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खं द्राक्ष हे चार-पाच वर्षांपर्यंत लांब ठेवा, घशात अडकतात. भरवताना बाळ बसलेलं हवं, झोपवून किंवा मागे पळत पळत नाही, आणि तोंड फिरवलं की थांबायचं. मोबाईल दाखवून भरवणं तर नकोच, दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. घरच्यांनीच ती सवय लावली असेल तर भांडू नका, 'मॅडम मी आठवडाभर बिनमोबाईलचं बघू का' असं विचारा, बऱ्याच वेळा हो म्हणतात.

अंघोळीला गिझर असतो तिथे आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून बघायचं, हाताला कामानं चटक्याची सवय झालेली असते, त्यावर विसंबू नका. टॉवेल, कपडे, डायपर सगळं आधी जवळ घेऊन बसा. मध्ये बेल वाजली, कुरियरवाला आला, फोन आला, वाजू दे. बाळाला पाण्यात एका सेकंदासाठीही सोडायचं नाही, चार बोटं पाण्यातसुद्धा बाळ बुडतं, म्हणून अंघोळ झाली की बादली-टब तिथल्या तिथे रिकामे. कानात-नाकात तेल घालायचं नाही, डोळ्यात काजळ नाही, धुरी नाही. आजी म्हणाल्या तरी आधी मॅडमना विचारा.

डायपर दोन-तीन तासांनी बघायचा, शी झाली तर लगेच. मुलगी असेल तर पुढून मागे पुसायचं. नंतर हात धुवायचे, दर वेळी.

झोपवताना पाठीवर झोपवायचं, सपाट आणि जरा कडक गादीवर, तोंडाजवळ उशी, मऊ खेळणी, जाड गोधडी काही नाही. मोहरीच्या उशीचं बऱ्याच घरात असतं, डोकं गोल होतं म्हणून, पण डॉक्टर लहान बाळाजवळ कुठलीच उशी नको म्हणतात, ते मॅडमना सांगून बघा. बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डोळा लागू देऊ नका, दुपारी तुम्हालाही झोप येते ते मला माहितीये, पण बाळ गादीवर आणि तुम्ही खाली बाजूला.

घरात बाळाच्या उंचीला बसून एकदा सगळं बघा. मच्छर पळवायचं लिक्विड, डांबराच्या गोळ्या, रिमोटमधले छोटे गोल सेल, देव्हाऱ्यातलं निरांजन, प्लगपॉईंट. टॉवरमधल्या बाल्कनीत ग्रिल असलं तरी तिथे स्टूल, खुर्ची, कुंडी ठेवायची नाही, मुलं त्यावर चढतात. संध्याकाळी खाली गार्डनमध्ये किंवा उपवन तलावाला, सेंट्रल पार्कला न्यायचं असेल तर आधी विचारून, पावसाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, डेंगीचे मच्छर दिवसा चावतात.

वही

दहा रुपयांची वही आणा आणि रोज पान घाला. असं काहीसं:

८.१५ दूध १२० मिली. ९.०० शी, नेहमीसारखी. ९.३० ते १०.४० झोप. ११.०० नाचणी, अर्धी वाटी, बाकी थुंकली. ११.२० सोफ्यावरनं खाली पडला, कपाळाला उजव्या बाजूला लागलं, लगेच रडला, उलटी नाही, कापडात बर्फ गुंडाळून लावला, ११.२५ मॅडमना फोन. १२.३० अंघोळ.

बघा, पडल्याची नोंद बाकीच्यांसारखीच आहे, वेळ, जागा, काय दिसलं, काय केलं. बाळं पडतात, सांभाळणारी कितीही चांगली असली तरी पडतात, पहिल्यांदा पालथं पडायला शिकतं त्या दिवशी तर हमखास बेडवरनं घरंगळतं. पण आई संध्याकाळी टेंगूळ बघून 'हे काय?' विचारते आणि तुम्ही 'काही नाही, असंच' म्हणता, तिथे विश्वास तुटतो. आणि रात्री बाळाला उलट्या झाल्या तर डॉक्टरला सांगायला तिच्याकडे काहीच नसतं. म्हणून पाच मिनिटांच्या आत फोन, आधी बाळ कसं आहे ते सांगायचं, 'बाळ ठीक आहे, रडून शांत झालाय, पण पडला' असं, म्हणजे ऑफिसमध्ये ती घाबरून जात नाही.

संध्याकाळी दारातच बॅग खांद्याला लावून 'येते मॅडम' करू नका. दहा मिनिटं द्या, वही समोर धरा, त्यांना हात धुऊन बसू दे. आणि एक, पहिलं पाऊल, पहिला शब्द तुमच्यासमोर झाला तर तो आईला कसा सांगायचा ते मनानं ठरवा. मी तर 'आज उभं राहायचा खूप प्रयत्न करत होता, रविवारी बघा हं' एवढंच म्हणते. बाकी कुठलीही गोष्ट लपवायची नाही, हा एक आनंद तेवढा त्यांच्यासाठी ठेवते.

काही झालंच तर

पडल्यावर बेशुद्ध झाला, वारंवार उलटी, झटके, नाकाकानातनं पाणी किंवा रक्त, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, यातलं एक जरी दिसलं तर फोनवर विचारत बसू नका, १०८ ला फोन करा, नाहीतर ११२, मग मॅडमना.

घशात अडकलं आणि बाळ जोरात खोकतंय तर खोकू दे, तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका, आत ढकललं जातं. आवाजच येत नसेल, ओठ निळे पडत असतील तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ वेळा दाबायचं, निघेपर्यंत हेच, आणि कोणालातरी ओरडून १०८ लावायला सांगायचं. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हातानं शिकावं लागतं. सेंट जॉन अँब्युलन्सचे फर्स्ट एडचे कोर्स असतात, मॅडमना सांगा, त्या बऱ्याचदा फी भरायला तयार होतात.

भाजलं तर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी, टूथपेस्ट-हळद-बर्फ नाही. बाळ विषारी काही प्यायलं तर उलटी करवायची नाही, ती बाटली घेऊन हॉस्पिटल. ताप आला तर थर्मामीटर लावून आकडा लिहा आणि फोन करा. तापाचं औषध किती मिली ते वजनावर असतं, आईबाबांनी मेसेज केल्याशिवाय एक थेंबही नाही, आणि दिल्यावर वेळ वहीत, नाहीतर संध्याकाळी त्या परत देतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप म्हणजे लगेच डॉक्टर. जुलाब झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात असले हिशोब नकोत, आणि २४ तासांनी उरलेलं फेका.

वागणं

बाळाचा फोटो स्टेटसला नाही, डीपीला नाही, घरच्या ग्रुपवरही नाही. बाळ जागं असताना मोबाईल पर्समध्ये, फक्त आईबाबांचा फोन घ्यायचा. गार्डनमध्ये सगळ्या मावश्या भेटतात, बरं वाटतं, पण या घरात भांडण झालं, त्यांचा पगार इतका, ते गावाला चाललेत, यातलं काही तोंडातनं जाता कामा नये, घर बंद असल्याची बातमी तर अजिबातच नाही.

कॅमेरा असतो, हॉलमध्ये, बाळाच्या खोलीत. कुठे कुठे आहे ते पहिल्या दिवशी विचारा. बाथरूममध्ये किंवा तुम्ही कपडे बदलता तिथे असेल तर सरळ नाही म्हणा. बाकी कॅमेरा तुमच्याही बाजूनं साक्ष देतो.

मारायचं नाही, चिमटा नाही, 'वॉचमन नेईल', 'बागुलबुवा येईल' हेही नाही. फार वैताग आला, बाळ तासभर रडतंय, तर त्याला पाळण्यात सुरक्षित ठेवून दोन मिनिटं खोलीच्या दाराबाहेर उभं राहा, पाणी प्या, आणि फोन करून सांगा की आज जमत नाहीये. तान्ह्या बाळाला रागानं हलवलं तर मेंदूला इजा होते, जीवही जातो.

आजी एक सांगतात आणि मॅडम दुसरं, असं व्हायचंच. तुम्ही मध्ये पडू नका, 'आजी, मॅडमना विचारून करते' एवढंच. आणि बाळ तुम्हाला सोडून आईकडे जात नसेल तेव्हा तिच्या जिवाला लागतं, तेव्हा हसू नका, 'बघा मला सोडतच नाही' म्हणू नका, बाळाला तिच्या हातात देऊन स्वयंपाकघरात निघून जा.

तुमची बाजू

घरातला कोणी अंगचटीला आला, घाण बोलला, तर सहन करायचं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते, महिलांसाठी १८१ नंबर आहे. आणि बाळाच्या बाबतीत कोणी तसलं काही करतंय असा संशय आला, मग तो घरातला का असेना, तर १०९८ ला नाहीतर पोलिसांना सांगायचं, २०१२ च्या पॉक्सो कायद्यात ते कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. काम जाईल म्हणून गप्प बसायची ही जागा नव्हे.

काम सोडताना

महिनाभर आधी सांगा, अचानक दुसऱ्या दिवसापासून बंद केलं की बाळ रडून रडून हैराण होतं. नवीन बाई आली की दोन-तीन दिवस तिच्याबरोबर काढा. चावी परत द्या, गेटच्या ॲपमधनं नाव काढायला सांगा, मोबाईलमधले बाळाचे फोटो मॅडमसमोर डिलीट करा. शेवटचा पगार, शिल्लक सुट्ट्या, उचल राहिली असेल तर ती, हा हिशोब शेवटच्या दिवसाच्या आधी मिटवा. आणि मॅडमकडून दोन ओळींचं पत्र मागून घ्या, किती महिने काम केलं, बाळ किती वयाचं होतं, आणि पुढच्या घरानं फोन केला तर चालेल का, एवढं त्यात असलं की झालं.